कुर्म्यात राह्यलेला कॅमेरा

३ मार्च, पोंभुर्णा

चंद्रपूरहून मयुरी मॅडमचा फोन आला. माझं नाव लागलं. सहा जणांची निवड झाली, त्यातले पाच कॉलेजात चित्रकला शिकलेले आणि सहावी मी, लग्नाची शूटिंग करणारी. वीस एप्रिलले चंद्रपुरात प्रदर्शन आहे. विषय बाईचं एकटेपण. आवाज, व्हिडिओ, वस्तू, ज्याले ज्यातून जमते त्यातून मांडा म्हणे. मी अर्जात लिहिलं होतं का गडचिरोलीच्या जंगलात काही गावांत बाया पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या झोपडीत राहतात, तिले कुर्मा म्हणतात. तर मी हॉलमध्ये तशीच झोपडी उभी करीन. आत एका वेळी एकच माणूस जाईल आणि त्याले त्या बायांचे आवाज ऐकू येतील.

मॅडम म्हणे, "कल्पना छानच आहे रीताताई. पण यात तुमची स्वतःची गोष्ट कुठे आहे?"

मी म्हटलं, माझी काय गोष्ट. मी कॅमेऱ्याच्या मागची बाई.

मायले सांगितलं तर तिनं भाकर थापणं थांबवलं नाई. "लग्नसराई सोडून जंगलात कायले जाते?" एवढंच. तिचंही बरोबर आहे. तेरा वर्षांपासून लग्नंच शूट करून राह्यली मी. नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला चालत नाई म्हणून लोक मले बोलावतात, आणि हळद लावाची वेळ आली का म्हणतात, "ताई, जराशा बाजूले व्हा." कारण मी सोडलेली बाई. दुरून झूम करून घेते मी हळद.

८ मार्च, हिरमेटोला

आलापल्ली, मंग एटापल्ली, मंग जीपगाडी, मंग अडीच किलोमीटर पायी. कंबर गेली. रंजीताच्या घरी उतरली आहे. ती इथची आशा सेविका, आश्रमशाळेत बारावी झालेली, माडिया आणि मराठी दोन्ही फाडफाड बोलते. माझं सगळं काम तिच्याच तोंडावर अवलंबून.

कुर्मा पाह्यला. गावाच्या बाहेर, नाल्याकडं, कुडाच्या भिंती, वाकून आत जा लागते. दाराले कडी नाई. पुरुष त्या बाजूनं फिरकत नाई. माझं डोकंच तापलं. मनातल्या मनात भाषणही झालं सुरू. मंग आठवलं, आमच्या घरी पण कावळा शिवला का मागच्या खोलीत चटई, वेगळा पेला, आणि लोणच्याच्या बरणीले हात लावाचा नाई. भाषण बंद केलं.

१० मार्च

तीन दिवसांत हाती भोपळा. कॅमेरा लावला का बाया ताठ बसतात, ग्रुप फोटोत बसल्यासारख्या. "कुर्म्यात कसं वाटते?" "ठीक." "भीती वाटते?" "नाई." झालं. असं घेऊन मी चंद्रपुरात काय दाखवू?

रंजीता म्हणे, "ताई, तिथचं बोलणं तिथीच असते. बाहेर कोणी सांगणार नाई."

"मंग मी आत जाऊन बसते."

"ज्यांचे दिवस असतात त्याच बसतात, ताई."

मी म्हटलं, "माझी आजच आली."

तोंडातून निघून गेलं. रंजीतानं माझ्याकडं पाह्यलं आणि चटई काढून दिली.

इथी कोणी वाचत नाई म्हणून लिहिते. मले पाळी येत नाई. सत्ताविसाव्या वर्षी पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेली तर डॉक्टरनं पिशवीच काढून टाकली. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी आणली. माय सगळ्यायले सांगते, नवरा-बायकोचं पटलं नाई. मी पण तेच सांगते. चौदा वर्षं झाली, आता पाठ झालं आहे. आज पहिल्यांदा उलटं खोटं बोलली.

१३ मार्च, कुर्म्यात

आत दोघी आहेत. इतवारीबाई चाळिशीच्या पुढची, तिचा दिमाग तेज आहे. आणि कमला, वीसेक वर्षांची, लग्न होऊन सहा महिने झाले, सगळ्या गोष्टीले हसते. इतवारीबाईले मोडकीतोडकी मराठी येते, बाकी हातवारे. माझा कॅमेरा कोपऱ्यात चालू असते, त्यायनं त्याले कधीच विसरून टाकलं.

आणि काय बोलतात या बाया. नवऱ्याच्या नकला, सासूच्या चहाड्या, कोणाची मोहफुलं कोणी वेचून नेली त्याचा निकाल. मधेच इतवारीबाई सांगते का मागच्या पावसाळ्यात याच जागी साप निघाला होता, ओरडली तरी गावातून कोणी पुरुष आला नाई, कारण येताच येत नाई. हेही ती मोह वेचल्याच्याच आवाजात सांगते.

मी सोंग नीट वठवून राह्यली. रोज एक पॅड काढते, कागदात गुंडाळते, मागं जाऊन पुरते. काल कण्हली पण. तर इतवारीबाईनं कापड गरम केलं, मले आडवं पाडलं आणि पाठ शेकली, मंग पोट. पोटावर एका जागी तिचा हात थांबला. मंग हात परत फिराले लागला. आत अंधार असते, तिले काई दिसलं नसन.

नंतर तिनं विचारलं, "तुझे दिवस किती?"

"पाच."

"बरं. पाच बस."

कमला हसली. ती हसतच असते.

एक गोष्ट लिहून ठेवते. इतक्या वर्षांत माझी पाठ कोणी शेकली नव्हती.

१५ मार्च

सत्यानाश झाला.

सकाळी नाल्यावर अंघोळ केली, कपडे धुतले, चादर धुतली, बॅग खांद्याले लावून गावाकडं निघाली. वाटेत लालसूभाऊ बसलेले. हे गावचे गायता, पूजाही तेच करतात आणि निवाडाही. मले पाहून उठले.

"बाई, आतलं सगळं धुतलं का?"

"हो भाऊ, सगळं."

"ते काळं?"

"तो कॅमेरा आहे. पाण्यानं खराब होते."

"मंग तिथीच राहू दे."

मले वाटलं मस्करी करतात. नाई. कुर्म्यात गेलेली वस्तू धुतल्याशिवाय गावात येत नाई, मंग ती कोणाचीही असो, कोणी नेलेली असो. मी समजावलं, मंग हात जोडले, मंग माझा आवाज चढला. माझं पोट आहे त्याच्यावर, म्हटलं. लालसूभाऊनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझी बायको घोंगडी धुते, थंडीत धुते. तुझं नाई धुतलं, तर उद्या तिनं काऊन धुवावं?"

तिनं नकोच धुवावं, हेच तर सांगाले मी आली. पण पाहुणी म्हणून आली आहे, पाच दिवस खोटं बोलून बसली आहे, कोणत्या तोंडानं म्हणू? परत गेली, बॅग आणि ही वही नाल्यात बुडवली, पेन्सिलीचं म्हणून टिकलं, आणि कमलाच्या हातात कॅमेरा देऊन आली. तिचे आणि इतवारीबाईचे दिवस अजून बाकी होते. कार्ड त्यातच. काढून तरी काय फायदा, तेही आतलंच.

रंजीताच्या ओसरीवर ओल्या केसांनी बसली आणि पोटभर रडली.

१७ मार्च

रंजीता म्हणे, "ताई, आत न्याले बंदी नाई. बाहेर आणाले आहे." हे माझ्या डोक्यात काऊन नाई आलं?

१९ मार्च

आता मी नाल्याच्या अलीकडं, दहा पावलांवर उभी राहते आणि तिथून ओरडते. "लाल बटण. हो, तेच. लाल ठिपका दिसला? आता बोला." रंजीता माडियात ओरडते. आतून हसण्याचा कल्ला. इतवारीबाई घरी गेली, जाताना तिनं कमलाले शिकवलं. कमला जाईल तेव्हा तिसरीले शिकवेल. माझा आता महिनाभर आत जाण्याचा हक्क नाई.

चार्जिंगचं काय? एटापल्लीहून लहानसं सोलर आणलं, त्याच्यासोबत एक बल्ब फुकट होता. सोलर छपरावर चढलं, बल्ब आत लागला. तेही आता बाहेर येणार नाई. पहिल्यांदा कुर्म्यात लाईट लागला म्हणून बाया पाहाले आल्या. मी कॅमेऱ्यासाठी आणलं होतं, खरं सांगाचं तर.

२४ मार्च

आत काय रेकॉर्ड होऊन राह्यलं, मले काई माहीत नाई. लेन्सवर बोट असन. नुसतं छप्पर असन. तेरा वर्षांत मी माझा कॅमेरा कोणाच्या हाती दिला नव्हता.

५ एप्रिल

शाळेच्या पायऱ्यांवरच रेंज येते, तिथं उभी राहून मयुरी मॅडमशी बोलली. त्यायले पंधरा तारखेपर्यंत व्हिडिओ पाहिजे, नाईतर माझी जागा दुसऱ्याले देतील. चांगल्या मनानं बोलल्या, पण बोलल्या.

लॅपटॉप आत पाठवला तर तोही अडकेल. इंटरनेट तिथं नाई. उरते एकच उपाय. कार्ड धुवाचं.

मूलच्या एका लग्नात नवरदेवाच्या भावानं कॅमेरा विहिरीत पाडला होता. कॅमेरा मेला, कार्ड वाळवलं तर चाललं. पण बल्लारपूरच्या एका वरातीत पावसात भिजलेलं कार्ड पुन्हा कधी उघडलं नाई, आणि नवरीच्या बापाचं तोंड मले अजून आठवते. म्हणजे हिशेब अर्धा-अर्धा. कॅमेरा गेला तर पुन्हा होईल. त्या बाया महिनाभर जे बोलल्या ते पुन्हा होणार नाई.

१० एप्रिल

इतवारीबाई या महिन्याची पुन्हा आत गेली होती, आज तिचे दिवस संपले. कार्ड तीच आणणार म्हणे, दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाई. पदराच्या कोपऱ्यात गाठ मारली आणि नाल्यात उतरली. मी काठावर. म्हटलं, बाई, एकच बुडी पुरे. तिनं माझ्याकडं पाह्यलं आणि तीन मारल्या, नीट, डोक्यावरून पाणी जाईपर्यंत.

लालसूभाऊ वाटेवरच होते. इतवारीबाईनं गाठ सोडून कार्ड त्यायच्या पुढं धरलं. नखाएवढी वस्तू. ते वाकून पाहत राह्यले.

"यात सगळ्या बाया आहेत?"

"हो."

"जा घेऊन," म्हणे, आणि वाट सोडली.

कार्ड तांदळाच्या डब्यात ठेवलं. दोन दिवस हात लावाचा नाई.

१२ एप्रिल

दुपारी लॅपटॉपले लावलं. स्क्रीनवर आलं, कार्ड वाचता येत नाई, फॉर्मॅट करा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

मंग शाळेतून खोडरबर आणून कार्डाच्या पितळी पट्ट्या घासल्या. हे मी लग्नाच्या धावपळीत शंभरदा केलं आहे, आणि आज अर्धा तास ते सुचलंच नाई.

उघडलं. एकसष्ट क्लिपा. एकही खराब नाई.

मी जमिनीवर आडवी झाली आणि छपराकडं पाहत हसत राह्यली. रंजीतानं चहा ठेवला. असा चहा मी जन्मात प्याली नाई, जरी साखर कमी होती.

१३ एप्रिल

सकाळपासून रंजीता सांगून राह्यली, मी लिहून राह्यली. फ्रेम वाकड्या, कितीदा अर्धा चेहराच. पण मी तिथं असती तर यातलं एकही कोणी बोललं नसतं. एक बाई केस विंचरत गाणं म्हणते. एक म्हणते, नवरा जास्त पिऊन आला का मी दोन दिवस आधीच कुर्म्यात येते, इथी तो येऊ शकत नाई. आणि तीच पुढं म्हणते, पण कडी पाहिजे दाराले, जंगली जनावराले नियम कुठी माहीत आहे. आता मी कुर्मा वाईट म्हणू का चांगला म्हणू? दोन्ही ठेवीन.

दुपारी एक क्लिप लागली, पंधरा मार्चची. म्हणजे मी कॅमेरा देऊन रडत गेली त्याच दिवसाची. कॅमेरा ठेवताना कमलाचं बोट बटणावर पडलं असन. कमला आणि इतवारीबाई बोलून राह्यल्या. रंजीतानं ऐकलं आणि क्लिप थांबवली.

"पुढची लावू ताई."

"सांग."

"जाऊ द्या ना."

"रंजीता, सांग."

तिनं मान खाली घालून सांगितलं. कमला म्हणते, त्या बाईचं पुरलेलं सगळं कुत्र्यानं उकरलं, सगळं कोरं आहे, ती खोटी बसली होती. इतवारीबाई म्हणते, मले तवाच माहीत झालं होतं. पोट शेकताना हाताले टाके लागले. तिची पिशवी काढली आहे. कमला म्हणते, मंग तिले हाकललं काऊन नाई? आणि इतवारीबाई म्हणते, हाकलून कुठी पाठवू? तिले बसाले जागा पाहिजे होती. पाच दिवस म्हणाली, पाच दिवस बसली.

मी लॅपटॉप बंद केला. महिनाभर माझं सोंग चाललं असं मले वाटत होतं. रंजीताले विचारलं, "तुले पण माहीत होतं?" ती म्हणे, "ताई, मी आशा आहे." लाज वाटाले पाहिजे होती. वाटली पण, पण थोडीच. जास्त हलकं वाटलं, डोक्यावरचा भारा कोणीतरी मागून उतरवून घेतल्यावर वाटते तसं.

१५ एप्रिल

व्हिडिओ पाठवण्याआधी बायांची परवानगी घेतली. सगळ्या रंजीताच्या ओसरीवर जमल्या, लॅपटॉपवर सगळं दाखवलं. दोघींनी आपलं काढाले सांगितलं, काढलं. बाकीच्या हो म्हणाल्या. इतवारीबाईनं दोन अटी घातल्या.

"तिथच्या झोपडीत पुरुष जाणार नाई."

"आणि दुसरी?"

"तू पण बोल. आमचंच दाखवते काय?"

पहिली अट मी मयुरी मॅडमले फोनवर सांगितली. त्या म्हणे, "अहो, उद्घाटक साहेब पुरुष आहेत." मी म्हटलं, साहेब बाहेर उभे राहतील. गेलेच आत, तर स्पीकर, वायर, लॅपटॉप सगळं धुवा लागेल. मॅडम हसल्या, मंग त्यायच्या ध्यानात आलं का मी मस्करी करून राह्यली नाई.

१७ एप्रिल, चंद्रपूर

दुसरी अट आज पूर्ण केली. हॉलमध्ये झोपडी उभी झाली होती, आत एकटी बसली आणि लाल बटण दाबलं. दवाखाना, पिशवी, नवरा, हळदीच्या वेळी बाजूले होणं, पाच दिवसांचं सोंग, सगळं सांगितलं. अकरा मिनिटं लागली. मले वाटलं होतं रात्र लागेल.

एक गोष्ट सोडली. ऑपरेशनच्या कागदावर सही मायची आहे. नवरा चहा प्याले गेला होता, नर्सनं घाई केली, मायनं सही केली. त्यावर मी कधी तिले काई म्हटलं नाई आणि तीही कधी बोलली नाई. लोकांच्या लाजेनंच ती "पटलं नाई" म्हणत असन. ते तिचं तिच्यापाशी.

तिथी एक माईक आणि बटण तसंच ठेवलं आहे. आत ऐकून झाल्यावर ज्या बाईले बोलावसं वाटेल तिनं बोलावं.

२० एप्रिल, चंद्रपूर

पाय दुखून राह्यले, तरी लिहिते.

सकाळी उद्घाटक साहेब आले. बाहेर दहा मिनिटं उभे राह्यले, झोपडीच्या चारही बाजूंनी फिरले, मंग मॅडमले हळूच विचारलं, "आत नेमकं काय आहे?" मॅडम म्हणे, "सर, मला सांगता येणार नाही." त्यायच्या बायको आत गेल्या आणि पंचवीस मिनिटं बाहेर आल्या नाई. साहेब खुर्ची मागून बसले.

इतवारीबाई, कमला आणि रंजीता आल्या होत्या. इतवारीबाई आत जाऊन आली आणि म्हणे, भिंती जास्तच सरळ केल्या. कमला हसली. येत्या आठवड्यात कुर्म्याच्या दाराले कडी लागणार आहे, लालसूभाऊ स्वतः बनवून राह्यले, बाहेरून बायांले देऊन जातील. हे सांगताना इतवारीबाईनं माझ्या पाठीवर एक थाप मारली.

तीन वाजता माय आली. मी बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. नवं लुगडं नेसून, पोंभुर्ण्याहून एकटी बसनं. सरळ लाईनीत लागली, नंबर आला तशी वाकून आत गेली. अकरा मिनिटांचं माझं आणि बाकीच्यांचं मिळून वीस होतात. मायले अर्धा तास लागला. लाईनीतल्या बाया मनगटावरची घड्याळं पाहाले लागल्या. मी खांबाले टेकून उभी होती.

बाहेर आली, माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मी पाण्याची बाटली दिली, अर्धी प्याली.

"सहीचं काऊन नाई सांगितलं?" म्हणे.

मी तिच्यापाशी खाली बसली.

"चौदा वर्षं झाली. मले वाटे का तू आज म्हणशील, उद्या म्हणशील. तू म्हटलंच नाई. तू रागात गप आहे असं समजून मी गप राह्यली." तिनं बाटली खाली ठेवली. "लोकायले पटलं नाई म्हणून सांगतलं ते तुह्यासाठी नाई. कोणी विचारू नये, सही कोणी केली, म्हणून."

आणि मी समजत होती तिले माझी लाज वाटते.

"माय, मी रागात नाई," मी म्हटलं. "कधीच नव्हती. ती सही तुही गोष्ट आहे, माझी नाई. म्हणून नाई सांगितली."

मायनं पदरानं तोंड पुसलं. झोपडीकडं पाहत बसली. मंग विचारलं, "त्या माईकचं बटण कोणीही दाबू शकते?"

"कोणीही बाई."

ती उठली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि लाईनीत सगळ्यात मागं जाऊन उभी राह्यली. पुढं सात बाया होत्या.